शिवेवरून परत आणलेला बडग्या जाळण्यासाठी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. शिक्षण विस्तार अधिकारी,
शिक्षण विभाग, पंचायत समिती, कोसमटोला,
जि. गोंदिया

अर्जदार : राजदीप शालीकराम भालाधरे,
अंशकालीन निदेशक (कला), उच्च प्राथमिक शाळा, मोहटोला

विषय : विद्यार्थ्यांच्या दृश्यकला प्रकल्पातील जप्त बडग्या परत मिळणेबाबत, तसेच त्याचा चेहरा नेमका कोणाचा, याबाबत खुलासा.

संदर्भ :
१) आपले परिपत्रक, 'शून्य खर्चातून दृश्यकला'
२) आपली कारणे दाखवा नोटीस
३) माझे याच विषयावरील आधीचे दोन अर्ज. ते आपल्या कार्यालयास मिळाले, एवढे कळले आहे.

महोदय,

१. आपली नोटीस मिळाली. इयत्ता सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांकडून आपली 'हुबेहूब प्रतिकृती' तयार करवून घेऊन ती मारबतीच्या दिवशी भर रस्त्याने मिरवून जाळण्याचा प्रयत्न का केला, असे आपण मला विचारले आहे. हुबेहूब हा शब्द आपला आहे. तो वापरण्याची माझी हिंमत झाली नसती. कारणे खाली दाखवीत आहे. मात्र हा नुसता खुलासा नाही, अर्जही आहे. कारण आपण जे जप्त करून नेले ते परत मिळाले नाही तर आठवीतल्या एका मुलीचे चित्र काढणे कायमचे सुटणार आहे, आणि मला ती गोष्ट आपल्या नोटिशीपेक्षा मोठी वाटते.

२. प्रथम प्रकल्पाबाबत. जुलै महिन्यात आपल्याच सहीचे परिपत्रक शाळेत आले. प्रत्येक शाळेने परिसरातील लोककलेवर आधारित, स्थानिक साधनांतून, शून्य खर्चात दृश्यकलेचा एक प्रकल्प करावा आणि बॅनर धरून काढलेला फोटो पाठवावा, असा आदेश होता. शून्य खर्च हे वाचून बरे वाटले. आपल्या कार्यालयाकडून शून्य एवढी रक्कम नेहमीच वेळेवर मिळते, त्यात कधी दिरंगाई झालेली नाही. सोबत 'कला साहित्य संच' असे नाव छापलेला खोकाही आला होता. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. आतल्या रंगाच्या बाटल्या उघडल्या तेव्हा रंग इतका वाळला होता की सहावीच्या मुलांनी तो बाटलीबाहेर काढून त्यावर चिंचोके फोडले. ब्रशांना दांडे होते. केसांबद्दल परिपत्रकात काही म्हटलेले नव्हते, म्हणून मीही विचारले नाही.

३. स्थानिक साधने म्हणजे काय ते मोहटोल्यात कोणालाही विचारावे लागत नाही. धानाचे तणीस आहे, बांबूच्या कमच्या आहेत, शेणमाती आहे, चुलीतला कोळसा आहे. पोळा जवळ आला होता. मुलांनीच ठरवले की बडग्या करायचा. मी हो म्हटले. मी बौद्ध आहे. आमच्या घरातली इडापिडा आजोबांनी छप्पन साली एकदाच शिवेबाहेर नेऊन टाकली, त्यानंतर आमच्याकडे मारबत निघत नाही. माझी आई लीलाबाई हिने मला रागावूनच विचारले, "तू मानतस नाही, मंग काऊन बनवून राहिलास?" तिला मी सांगितले तेच आपल्याला सांगतो. कमच्या वाकवून माणूस उभा करणे, त्याचा तोल सांभाळणे, कागदाच्या लगद्यातून चेहरा वर आणणे, हे शिकवायला मला दुसरे साधन कोणी दिले नव्हते. आईला ते पटले. ती शिकलेली नाही.

४. आपण याच जिल्ह्यातले. कुडव्याला आपले घर आहे. मारबत म्हणजे काय हे आपल्याला सांगणे म्हणजे गोंदियाच्या माणसाला भात कसा शिजतो ते सांगणे होय. तरीही नोंदीसाठी लिहितो, कारण आपण जे केले ते पाहता आपल्याला ते ठाऊक असावे असे दिसत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावातली सगळी रोगराई त्या पुतळ्यावर घालून, 'घेऊन जा गे मारबत' असे ओरडत, तो गावाच्या शिवेवर नेतात आणि जाळतात. बाई असली तर मारबत, बाप्या असला तर बडग्या. एकदा निघालेला बडग्या कोणी मागे फिरवत नाही. लहान पोरालाही हे समजते. घरातला केर काढून तो परत घरात कोणी आणत नाही, तसेच हे आहे.

५. आता चेहऱ्याबाबत, कारण आपला सर्व आक्षेप त्यावर आहे. चेहरा कु. अंजू टिकाराम हत्तीमारे हिने केला. ही आठवीत आहे. तिच्या हातात जे आहे ते मी तिला शिकवलेले नाही. ते मला कोणी शिकवले असते तर मी आज अंशकालीन नसतो. तिने एका गाडग्यावर कागदाचे तुकडे खळीने चिकटवून डोके केले. गाडगे पोटाला फुगलेले होते, म्हणून गाल फुगले. पावसाळी हवेत कागद वाळेना, तो वरून खाली ओघळला, म्हणून डोळे मिटल्यासारखे झाले. पोळ्याचा दिवस तोंडावर आला आणि कान करायचे राहून गेले. अंगात लोकेश नावाच्या विद्यार्थ्याच्या मामाचा जुना सफारी घातला, कारण तोच एक मिळाला. गळ्यात पाटी होती. तिच्यावर 'ताप, हगवण, मच्छर' एवढेच लिहिले होते. यातला मच्छर हा शब्द 'अधिकारीवर्गास उद्देशून उपरोधाने' वापरला आहे, असे नोटिशीत म्हटले आहे. मुलांनी तो मच्छरास उद्देशून वापरला होता. आमच्या गावात धानाच्या बांध्यांत पाणी साचले की मच्छर होतात आणि मच्छर चावले की ताप येतो. उपरोध हा विषय आम्ही शिकवत नाही, त्याला शिक्षकच मंजूर नाही.

६. त्या पहाटे काय घडले ते आपण नोटिशीत दोन ओळींत लिहिले आहे. ते अपुरे आहे. आपण सासुरवाडीला सणाकरिता आपल्या गाडीने निघाला होता आणि शिवेजवळच्या वळणावर मुलांची मिरवणूक आडवी आली. गाडी थांबली. आपण उतरला. मुले ओरडायची थांबली, कारण मोठे माणूस उतरले की थांबायचे असते. आपण बडग्याच्या समोर उभे राहून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. कोणी काही बोलले नव्हते. मुलांना आपण कोण हे माहीत नव्हते. बायामाणसांनाही माहीत नव्हते. मला माहीत होते, पण मी तोंड उघडले नाही. मग आपण स्वतःच, साऱ्या गावासमोर, मोठ्याने म्हणालात, "हा तर मीच आहे!"

७. महोदय, त्या क्षणापर्यंत तो बडग्या कोणीच नव्हता. चोराच्या मनात चांदणे अशी एक म्हण आहे. ती येथे लागू होते असे माझे म्हणणे नाही, गावाचे आहे. माझे म्हणणे फक्त एवढे की, फुगलेले गाल, मिटलेले डोळे आणि कानांचा पत्ता नाही, एवढ्या तुटपुंज्या खुणांवरून ज्याने स्वतःला ओळखले, त्याच्या दृष्टीला कलाशिक्षकाने दाद दिली पाहिजे. एवढे नेमके निरीक्षण मला माझ्या विद्यार्थ्यांमध्येही क्वचित सापडते. आपण ते शाळांच्या तपासणीसाठी वापरले असते तर या तालुक्याचे भले झाले असते.

८. त्यानंतर आपण बडग्या जप्त केला. म्हाताऱ्या बकाराम बुवांनी हात जोडून सांगितले की साहेब, जप्त करा, पण गाडी पुढे काढा, मागे गावात आणू नका. पुढे मिरवणूक होती, तिला बाजूला व्हायला सांगायचे एवढेच काम होते. आपण गाडी वळवली. बडग्या डिक्कीत मावेना, त्याचे डोके आणि एक हात बाहेर राहिले, आणि अशा थाटात आपण त्याला मोहटोल्याच्या मधल्या रस्त्याने मिरवत कार्यालयात घेऊन गेलात. बायांनी दारे लावून घेतली. शामकला आजीने गाडीमागे राखेची मूठ टाकली. तिचा नेम चुकला, हे खेदाने नमूद करतो.

९. पुढे दर वर्षी जे होते तेच झाले. ताप आला. मुन्नालालच्या पिठाच्या चक्कीची मोटार जळली, जी तशीही जळणारच होती, कारण ती त्याच्या बापाच्या काळची आहे. सरपंचाच्या घरची म्हैस आटली. गावाला मी दरवर्षीप्रमाणे साचलेले पाणी काढा म्हणून सांगत हिंडलो. गावाने मला दरवर्षीप्रमाणे ऐकून घेतले. पण यंदा गावाकडे कारण होते. शिवेवरून परत आलेले ते कारण आपल्या कार्यालयात ठाण मांडून बसलेले आहे. आणि ज्या हातांनी त्याचे तोंड घडवले, ते हात कोणाचे हे सर्वांना ठाऊक आहे. आपण दूर कोसमटोल्याला आहात. अंजू मोहटोल्यातच, चार घरे सोडून राहते. गावाचा राग जवळच्या माणसावर निघतो, साहेबावर निघत नाही.

१०. दरवर्षी तिच्या गल्लीतली भुलाबाईची मातीची मूर्ती अंजू घडवते. यंदा शेजारणींनी बाजारातली आणली आणि मुलींना सांगितले की अंजूला हात लावू देऊ नका. ती गाणी म्हणायला गेली तेव्हा तिला जागा करून दिली, पण एवढी मोठी जागा करून दिली की ती घरी निघून आली. तिच्या आजीने, पुष्पाबाईने, पाण्याच्या गुंडाला, म्हणजे हंड्याला, हात लावू नको म्हणून सांगितले. याच महिनाअखेर एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा आहे. तिचा बैठक क्रमांक आलेला आहे. मी तिच्या घरी गेलो. तिच्या बापाला, टिकारामला, मच्छर, पाणी, तापाचे जंतू, सर्व समजावून सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "गुरुजी, तुमचं सायन्स बरोबर हाय. पन गावात राहाचं आमाले हाय. ते जळू द्या, मंग पोरगी तुमची. तोवर तिनं कागदाले हात लावाचा नाही."

११. मी दुसरा बडग्या करून जाळण्याची तयारी दाखवली. स्वतःच्या हाताने करतो म्हटले. गावाने ते मानले नाही. जो परत आला तोच गेला पाहिजे, असे गाव म्हणते. मला हे पटत नाही. परंतु ज्या अंधश्रद्धेला मी गेली कित्येक वर्षे वर्गात बसून विरोध करतो, तिला आपण सरकारी गाडीच्या वेगाने गावात परत आणून सोडले, आणि आता तिची समजूत घालण्याचे काम माझ्याकडे आले. यास वरातीमागून घोडे म्हणावे की आ बैल मुझे मार, याचा निर्णय मी अजून घेतलेला नाही.

१२. बडग्या परत मागायला मी कार्यालयात येऊन गेलो. आपण बैठकीत होता. आपण नेहमीच बैठकीत असता, याचे मला आश्चर्य नाही. एवढे बसून माणसाच्या पाठीचे काय होत असेल याची काळजी वाटते. तेथील लिपिक भुपेंद्र यांनी सांगितले की बडग्या हा पुरावा आहे आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत तो नष्ट करता येत नाही. चौकशीसाठी आपण मुख्याध्यापकांची समिती नेमली आहे. बडग्याचा चेहरा आपल्याशी जुळतो किंवा कसे, यावर तिने अहवाल द्यायचा आहे. मी त्यांपैकी भोजराज गुरुजींना भेटलो. ते बिचारे म्हणाले की, जुळतो म्हटले तर साहेबांचा अपमान होतो, आणि जुळत नाही म्हटले तर साहेब खोटे बोलले असे होते. म्हणून त्यांनी आजारपणाची रजा टाकली आहे. उरलेले सभासदही आजारी आहेत. मोहटोल्याच्या लोकांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, पाहा, बडग्याने तिकडेही काम सुरू केले.

१३. कार्यालयात बडग्याची काय अवस्था आहे, हेही मी पाहिले. आधी तो अभिलेख कक्षात ठेवला होता. तेव्हापासून त्या खोलीत जायला कोणी तयार होईना, त्यामुळे एकही फाइल बाहेर येईना. तथापि, याने कामात फरक पडल्याची कोणाची तक्रार नाही. मग तो व्हरांड्यातल्या बाकावर आणून बसवला. मी तेथे असतानाच सालेकशाकडून आलेले एक म्हातारे गृहस्थ त्याच्यापुढे वाकले आणि त्यांनी आपला अर्ज त्याच्या मांडीवर ठेवला. उत्तर कधी मिळेल असे त्यांनी विचारलेही. थोडा वेळ थांबून ते निघून गेले. त्यांचे समाधान झालेले दिसले.

१४. आता मूळ मुद्दा, जो समितीला सुचला नाही आणि नोटिशीत आलेला नाही. अंजूने आपला चेहरा कसा केला असेल? तिने आपल्याला पाहिलेलेच नव्हते. शाळेतल्या एकाही मुलाने पाहिलेले नव्हते. आपण या बीटला, म्हणजे आमच्या भागातल्या शाळांच्या तपासणीला, आल्यापासून मोहटोल्याच्या शाळेचे फाटक आपण ओलांडलेले नाही. दरवर्षी तपासणीच्या दिवशी मुख्याध्यापक कागदांचा गठ्ठा घेऊन चौकातल्या हॉटेलात येतात, आपण तेथे चहा घेता, शाळा उत्तम असल्याचे लिहिता आणि परत जाता. मुलांना त्या दिवशी नवे कपडे घालून दुपारपर्यंत ओळीने उभे करतात. अंजू गेली दोन वर्षे हातात फुले धरून उभी राहिलेली आहे. साहेब येणार म्हणून. आपल्याला तिने पहिल्यांदा पाहिले ते शिवेवर, बडग्याशेजारी उभे असताना.

१५. ही गोष्ट आपल्या बाजूची आहे की विरुद्ध, ते आपण ठरवावे. आपण म्हणता तसा चेहरा आपलाच असेल, तर मुलांनी आपल्याला कधी, कोठे पाहिले हे सांगावे लागेल, आणि मग हॉटेलातल्या चहाचाही खुलासा करावा लागेल. आपला नसेल, तर नोटीस निकालात निघते. मी इतके दिवस हाच विचार करून मनातल्या मनात हसत होतो, हे लपवत नाही. पण परवा अंजू शाळेच्या मागच्या ओट्यावर बसली होती. तिने माझ्याकडे न पाहता विचारले, "सर, मी त्यायले कधी पायलंच नाही, तं ते माह्या हातातून निंगले कसे?" माझे हसू तेथेच संपले. गाव घाबरते त्याचे मला काही वाटत नाही, गावाला सवय आहे. ही पोरगी आता स्वतःच्या हाताला घाबरते. आपल्या तोंडून गेलेल्या त्या एका वाक्यावर तिने विश्वास ठेवला, कारण ते वाक्य साहेबाचे होते. तिला वाटते, तिने काढलेल्या तोंडातून कोणीतरी जिवंत माणूस निघतो आणि रागावतो.

१६. मी तिला गाडग्याचे सांगितले, ओघळलेल्या कागदाचे सांगितले. तिने मान हलवली. तिला पटलेले नाही. स्मरणचित्राच्या पेपरात माणसे काढावी लागतात, बाजार, लग्न, बसस्टँड, असे काहीतरी येते. बाप उद्या हो म्हणाला तरी ती माणसाचे तोंड काढायला हात उचलेल की नाही, मला सांगता येत नाही. आपल्याला हे किरकोळ वाटेल. मला राग येतो, महोदय. औपचारिक भाषेत रागासाठी 'खेद' असा शब्द वापरतात, तो येथे पुरत नाही.

१७. तरी विनंती अशी की, बडग्या तात्काळ परत करावा. पुरावा म्हणून त्याचा फोटो काढून ठेवावा, बॅनर धरून काढला तरी चालेल. गाव येऊन त्याला रीतसर शिवेबाहेर नेईल आणि जाळेल. मी काडी लावणार नाही, परंतु आडवाही येणार नाही. दुसरी विनंती अशी की, परीक्षेपूर्वी आपण एकदा शाळेत यावे. चौकात न थांबता आत यावे. आठवीच्या वर्गात खुर्चीवर नुसते बसावे, काही बोलू नये, भाषण तर मुळीच करू नये, आणि अंजूला आपला चेहरा समोर पाहून काढू द्यावा. तो काढून झाला की तिला दिसेल की माणसाचा चेहरा माणसाचा असतो आणि गाडग्याचा गाडग्याचा. हे तिला माझ्या तोंडून पटत नाही. ते आपण स्वतः आलात तरच होईल, त्याला दुसरा उपाय मला सापडला नाही. सापडला असता तर मी आपल्याला बोलावले नसते.

१८. माझ्या नेमणुकीबाबत आपण काय करायचे ते करावे. ती दरवर्षी संपतेच, यंदा थोडी आधी संपेल. पुन्हा बोर्ड रंगवायला जाईन. फ्लेक्सने तो धंदाही खाल्ला आहे, पण भिंती अजून आहेत. मी माफी मागावी असे नोटिशीत शेवटी लिहिले आहे. मी मागायला तयार आहे. आपण शाळेत याल त्या दिवशी, त्या मुलीसमोर, आधी आपण मागावी, लगेच नंतर मी मागतो.

हा खुलासा मान्य होणार नाही हे जाणून तो सादर करणारा,

(सही)
राजदीप शालीकराम भालाधरे
मोहटोला, दि. १५ सप्टेंबर २०१४

सोबत जोडले आहे :
१) आपल्या परिपत्रकाची प्रत. मुलांनी काय करावे हे त्यात आपणच लिहिले आहे.
२) कला साहित्य संचातील लाल रंगाचा एक खडा.
३) आधीच्या दोन अर्जांच्या प्रती, पुन्हा.
४) कु. अंजू टिकाराम हत्तीमारे हिचे एक ताजे चित्र जोडण्याचा विचार होता. जोडलेले नाही. पोळ्यापासून तिने एकही काढलेले नाही.